वरचं बटण

मास्तरांवर उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसायची वेळ आली, आणि नेमकं तेच विमान अर्ध्या वाटेत बसकण मारून बसलं.

सकाळी साडेदहाला ते एका भलत्याच शहरात उतरलं. काहीतरी बिघाड झाला होता. काय ते कुणी धड सांगेना. गणवेशातल्या एका मुलीनं प्रत्येकाच्या हातात पिवळी चिठ्ठी ठेवली आणि सांगितलं, की दुसरं विमान पाचला सुटेल. तोवर हवं तर शहरात फेरफटका मारून या, बाहेर बस उभी आहे, परतीची बस चौकातून चारला निघेल. लोकांनी तिच्यावर तोंडसुख घेतलं. मास्तर तिच्या गणवेशाच्या पाव इंच वर चढलेल्या उजव्या बाहीकडे बघत राहिले.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. चाळीस वर्षं एकच दुकान, एकच खिडकी, एकच मशीन. माणसाचा चेहरा ते दुसऱ्या दिवशी विसरत, पण एकदा मापं घेतलेला खांदा जन्मात विसरत नसत. रस्त्यात कुणी 'काय मास्तर, ओळखलंत का' म्हणालं, की ते आधी त्याच्या काखेकडे बघत आणि मग हसत.

विमान जिकडे जाणार होतं तिकडे त्यांची धाकटी बहीण दवाखान्यात होती. पन्नाशी उलटली तरी घरात ती बारकीच. परवा मेहुण्यांचा फोन आला होता.

"दादा, डॉक्टर आता औषधाचं काही बोलत नाहीत. तुम्ही निघा. ती सारखं एकच विचारतेय, दादानं कोट शिवला का."

त्या कोटाची गोष्ट लाजेनं मान खाली घालावी अशी होती. नवऱ्याची बदली थंड मुलखात झाली तेव्हा बारकीनं गडद निळं लोकरी कापड मास्तरांना आणून दिलं होतं. त्याला नऊ वर्षं झाली. शिंप्याच्या 'उद्या'ची सगळं जग थट्टा करतं, पण गिऱ्हाइकाचा उद्या आठवड्याभरात तरी उगवतो. घरच्यांचा उगवतच नाही. खुद्द मास्तरांच्या विजारीची शिवण दोन वर्षं उसवलेली होती. बारकी दर सुट्टीत यायची, दुकानात गिऱ्हाइकांच्या मागे जाऊन उभी राहायची आणि आपली पाळी आली की हसत विचारायची, "झाला का, दादा?"

"उद्या बघतो, बारके. ही माणसं कधीची खोळंबलीत. घरचं माणूस थांबतं."

"असू दे. मी थांबते," ती म्हणायची. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि मास्तरांना आता तेच जास्त लागत होतं.

फोन ठेवल्याबरोबर त्यांनी कापड काढलं आणि दोन दिवसांत कोट उभा केला. मापं जुनी होती. दुखण्यानं ती वाळली असणार म्हणून अंदाजानं दोन बोटं आत घेतलं, शिवणी कच्च्या टाक्यांवर ठेवल्या. चार बटणं लावली. पाचवं, गळ्याजवळचं, लावलं नाही.

ती त्यांच्या वडिलांची शिस्त. वरचं बटण आधी लावून ठेवायचं नाही. गिऱ्हाइकानं कपडा अंगात घालून समोर उभं राहायचं, मान डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची, मग बोटानं जागा धरून तिथल्या तिथे बटण टाकायचं. गळा रोज सारखा नसतो, वडील म्हणत. माणूस समोर नसताना गळा बंद करू नये. त्यामुळे दुकानाच्या मागच्या दांडीवर जे आठ कपडे वर्षानुवर्षं लटकत होते, शिवून तयार पण मालक न्यायला आलेच नाहीत असे, त्यांपैकी एकालाही वरचं बटण नव्हतं. कुणी गाव सोडून गेला होता, कुणी जगच सोडून गेला होता. मास्तरांनी ते ना उसवले, ना कुणाला दिले.

निळा कोट आता त्यांच्या हातातल्या पिशवीत होता. खिशात गोळ्यांची एक जुनी पत्र्याची डबी. तिच्यात सुई, दोऱ्याची दोन रिळं, तळाशी वर्षानुवर्षं साचलेली सुटी बटणं, आणि कागदात गुंडाळलेलं ते पाचवं निळं बटण. चिमणीच्या चोचीएवढी कात्रीही होती, पण ती सकाळी तपासणीत काढून घेतली. दवाखान्यात कात्री मिळाली असती. पण ती तिथे कशाकशाला लागलेली असते. बहिणीच्या नव्या कोटाला ती नको, असं त्यांच्या मनानं घेतलं. हाताशी वेळ होता. शहरात जाऊन एक कात्री घ्यावी आणि यावं, एवढाच त्यांचा बेत होता.

बसनं त्यांना एका चौकात सोडलं. मधोमध कोरडं कारंजं, त्याभोवती लोखंडी बाकं, आणि चौकातून निघणारा एक लांबच लांब सरळ रस्ता. दोन्ही बाजूंना चारमजली इमारती, सगळ्यांचा रंग शिळ्या सायीसारखा. शहर म्हणून नावं ठेवायला काही जागा नव्हती. एक जण गाडी पुसत होता. पावाच्या दुकानापुढे पाच-सहा माणसं उभी होती. वारा मात्र बोचरा होता, आणि बरेचसे लोक डाव्या हातानं गळ्याशी कॉलर आवळून चालत होते. मास्तरांनीही मफलर घट्ट केला.

वह्या-पेन्सिलींच्या दुकानात कात्री नव्हती. हत्यारांच्या दुकानात पाने होते, पकडी होत्या, करवती होत्या.

"कात्री? कशाला हवी?" दुकानदारानं विचारलं. ठेंगणा, टकला, भला माणूस वाटला.

"दोरा कापायला. शिवणाचं काम करतो मी."

दुकानदारानं हातातले खिळे खाली ठेवले. "इथे कुणी शिवत नाही हो. सगळे घालूनच येतात."

"घालून येतात म्हणजे? कुठून?"

तो उत्तर देईल म्हणून मास्तर थांबले. दुकानदार खिळे आकाराप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत टाकू लागला. अर्धी मूठ झाली तेव्हा वर न बघताच म्हणाला, "पुढे विचारून बघा. पण नाही मिळायची."

मास्तर पुढे चालत गेले. आता त्यांचं धंद्याचं डोकं जागं झालं होतं. एवढ्या लांब रस्त्यावर एक शिंपी नव्हता. कापडाचं दुकान नव्हतं, धोबी नव्हता. कुठल्याच गच्चीत वाळत घातलेला कपडा दिसत नव्हता. असेल इकडची पद्धत, त्यांनी स्वतःची समजूत घातली. दर चार दुकानांमागे ते मेहुण्यांना फोन लावत होते आणि तो उचलला जात नव्हता.

एक वाजून गेला असेल. समोरच्या बाजूनं एक माणूस चालला होता. तपकिरी, बारीक रेघांचा कोट. मास्तरांची नजर सवयीनं खांद्यावर गेली आणि तिथेच अडकली. तो डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरलेला होता, आणि कोटात तो उतार दिसू नये म्हणून आतून दुहेरी अस्तर भरलं होतं. भरणाऱ्यानं ते जरा जास्तच पुढे भरलं होतं. ती चूक मास्तरांची होती. लग्नाच्या वरातींत आयुष्यभर डाव्या खांद्यावर ढोल वागवणाऱ्या एका बँडवाल्यासाठी त्यांनी तो कोट शिवला होता. बँडवाला न्यायला आला नाही. कोट चार वर्षं मागच्या दांडीवर होता.

दुकान फोडलं कुणीतरी, हे त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं. त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, दुकानात जा बघू खाली. मागच्या दांडीवरचे कपडे मोज."

"आता? भाजी टाकलीय हो मी."

"जा म्हणतो ना."

जिन्यावर तिची पावलं ऐकू आली, मग कुलूप. मास्तर रस्त्याच्या कडेला उभे राहून त्या तपकिरी पाठीकडे बघत होते. माणूस थांबला होता, पण वळला नव्हता.

"आठच्या आठ आहेत," बायको म्हणाली. "धूळ किती बसलीय यांच्यावर. बारकीला भेटलात का?"

"तपकिरी रेघांचा कोट आहे?"

"हा काय, माझ्या हातात आहे. अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

मास्तर बरं वाटतंय म्हणाले आणि फोन ठेवला. एकाच कापडाचे दोन कोट असू शकतात. उतरलेले खांदेही जगात पुष्कळ असतील. पण जास्त पुढे भरलेलं अस्तर? त्यांनी मान झटकली आणि चौकाकडे परत फिरले. कात्रीचं राहू दे, दातानं तोडू दोरा. चौकात बसावं आणि बस आली की सरळ तिच्यात चढावं.

परतताना त्यांना दांडीवरचाच, शाळेतल्या बाईंचा हिरवा कोट दिसला. वाढत्या पोटासाठी दोनदा बाजू सोडलेला किराणावाल्याचा करडा कोट दिसला. एका गच्चीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याच्या अंगावर घड्याळजींचा जाकीट-कोट होता, आतल्या अंगाला भिंग ठेवायचा चोरखिसा असलेला. प्रत्येकाचा डावा हात गळ्याशी होता. वारा कधीचाच पडला होता.

मास्तर बाकावर जाऊन बसले. पिशवी मांडीवर घेतली. चौकातल्या घड्याळात अडीच वाजले होते.

बँडवाला त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"झाला का, मास्तर?"

आवाज साधा होता. दुकानात विचारतात तसाच. त्यानं गळ्यावरचा हात खाली घेतला. काज होतं, मास्तरांच्या हातचं, शेवटचा टाका दुहेरी घातलेलं. बटण नव्हतं. त्याच्यामागे शाळेतल्या बाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे करडा कोट, त्यामागे आणखी कुणी. घाई कुणालाच नव्हती.

पळून जावं असं मास्तरांच्या मनात आलं. हे खरंच, की त्यांचे पाय उठायलाही निघाले. पण समोर गिऱ्हाईक उभं आहे आणि आपण उठून चाललोय, असं चाळीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. आणि भीती वाटायला लागली की माणूस हाताला ठाऊक असलेलं काम धरतो. त्यांनी डबी उघडली, सुईत दोरा ओवला, तपकिरीला जुळेलसं एक बटण शोधलं.

"मान डावीकडे," ते म्हणाले. "आता उजवीकडे."

बोट गळ्याला लागलं. गळा गार नव्हता. पण आवंढा गिळताना हलतो तसा तो एकदाही हलला नाही. शेवटी दोरा दातानं तोडायला मास्तर पुढे वाकले, तेव्हा त्यांचं नाक कॉलरला टेकलं. माणसाचा वास नव्हता, साबणाचा नव्हता. दांडीवरच्या धुळीचा होता.

"बरं झालं," बँडवाला म्हणाला. दोन्ही हात मोकळे सोडून तो त्या सरळ रस्त्यानं निघून गेला. मागे वळून बघितलं नाही.

मग शाळेतल्या बाई. मग किराणावाला. मास्तर कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हते. ते गळे बघत होते. मधेच त्यांनी एकदा मेहुण्यांना फोन लावून पाहिला. पुढे उभे असलेले घड्याळजी तोवर तक्रार न करता थांबले. घंटी वाजत राहिली. सातवं गिऱ्हाईक गेलं तेव्हा डबीच्या तळाशी बोटाला पत्रा लागला. सुटी बटणं संपली होती.

आठवे वकील होते. काळा कोट, आखूड मान. जिवंतपणी हे कधी कुणाच्या मागे उभे राहिले नव्हते. इथे मात्र शेवटी आले होते.

"बटण संपलं, वकीलसाहेब."

"एक आहे की त्या कागदात."

"ते नाही देता येणार. घरचं आहे."

"घरचं माणूस थांबतं, मास्तर. तुम्हीच म्हणायचात." वकिलांनी गळ्यावरचा हात काढला आणि मान डावीकडे वळवून धरली.

पावणेचारला तीन मिनिटं कमी होती. मास्तरांनी विचार केला, की निळं बटण काय, कुठेही मिळेल. विमानतळावरून दवाखान्यात जाताना वाटेत घेऊ. बारकी पाच मिनिटं आणखी थांबेल. नऊ वर्षं थांबली. हा माणूस डोळ्यांसमोरून गेला म्हणजे झालं. त्यांनी कागद उलगडला.

काळ्या कोटावर निळं बटण भलतंच उठून दिसत होतं. वकिलांनी ते चाचपलं, "चालेल," म्हणाले आणि रस्त्याला लागले.

दांडीवर आठच कपडे होते.

वकील बाजूला झाले, आणि त्यांच्यामागे नववं माणूस उभं होतं.

मास्तरांनी आधी खांदा बघितला. मग दोन बोटं आत घेतलेली कंबर. अंदाज बरोबर आला होता, कोट चपखल बसला होता. बाहीवर कच्चे पांढरे टाके दिसत होते, त्यांनी परवा घातलेले. मांडीवरच्या पिशवीत त्याच कोटाच्या घडीचा फुगवटा त्यांच्या मनगटाला लागत होता.

डावा हात गळ्याशी होता.

"झाला का, दादा?"

मास्तरांनी डबीत बघितलं. सुई होती. दोरा होता.

"बारके," ते म्हणाले. "तू इथे कशाला आलीस गं?"

ती हसली. नेहमीसारखीच. तोंडाला ज्याची सवय होती तेच मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

"उद्या बघतो."

"असू दे," बारकी म्हणाली. "मी थांबते."

"नको. थांबू नकोस. आत्ता लावतो, आत्ता." मास्तरांनी मफलर फेकला, स्वतःच्या सदऱ्याचं वरचं बटण धरलं आणि हिसका देऊन तोडलं. सुईत दोरा ओवायला घेतला. दोरा एकदा चुकला. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा गेला.

त्यांनी मान वर केली.

चौकात कुणी नव्हतं.

कारंज्यापलीकडे बस उभी होती. चालक भोंगा वाजवत होता.

दुसरं विमान बरोबर पाचला सुटलं. उतरल्यावर मास्तरांनी फोन सुरू केला तर बायकोचे सहा फोन येऊन गेले होते. त्यांनी लावला.

"अहो, काय चाललंय काय तुमचं?" ती हळू आवाजात बोलत होती. "संध्याकाळी मी परत खाली गेले. म्हटलं धूळ तरी झटकावी. त्या आठही कपड्यांना वरची बटणं लावलीत. दुपारी नव्हती हो. मी हातात घेऊन बघितलं होतं. आणि वकिलांच्या काळ्या कोटाला निळं कशाला लावलंत?"

मास्तरांनी फोन ठेवला.

दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात मेहुणे भिंतीला टेकून उभे होते. मास्तरांना बघून ते पुढे आले, त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मास्तरांना सांगायची गरज नव्हती.

"पावणेचारला," मेहुणे शेवटी म्हणाले. "सकाळपासून शुद्ध नव्हती. मी फोन खाली गाडीत विसरलो. एकदाच बोलली, अगदी जाताना. 'असू दे, मी थांबते' म्हणाली. आम्हाला वाटलं, आता जरा टिकेल, तुमच्यासाठी थांबतेय."

खोलीत एक परिचारिका चादर सारखी करत होती. मास्तर पलंगापाशी गेले. पिशवीतून कोट काढला आणि चादरीवरून तिच्या अंगावर पांघरला. चार बटणं होती. मूठ उघडून त्यांनी आत घट्ट धरलेलं सदऱ्याचं बटण बघितलं. सुईत अजून दोरा होता. माणूस समोर होतं. आता लावता आलं असतं.

बारकीचा डावा हात गळ्याशी होता. बोटं मिटलेली, कॉलर आवळून धरावी तशी.

मास्तरांनी तो हळूच खाली घेतला. घेता आला. मग सुई धरायला ते क्षणभर दिव्याकडे वळले.

"काही उपयोग नाही, काका," मागून परिचारिका म्हणाली. "मी दुपारपासून तीनदा खाली घेतलाय तो हात. आपण पाठ फिरवली, की परत तिथेच जातो."